काळ्या मातीतलं चिन्ह

अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीहून सेल्माकडे जाणारा हायवे ८० धरला की अर्ध्या तासात कडेची माती बदलते. मी जॉर्जियात राहते, तिथली माती विटेसारखी लाल. इथली मात्र काळी, चिकट, पाऊस पडून गेला की बुटाला किलोभर लोंबणारी. गाडी बाजूला घेऊन मी उतरले आणि एक ढेकूळ हातात घेतलं. अकोल्याची आहे मी. कपाशीची माती मला डोळे मिटूनही कळते.

या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. आधी मातीवरून नाव पडलं, मग त्या मातीत राबायला आणलेल्या गुलामांवरून तेच नाव दुसऱ्या अर्थाने चिकटलं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, हे शाळेत शिकवलं होतं. तो अडलेला कापूस कोणाच्या हातांनी वेचलेला होता, हे त्या धड्यात नव्हतं.

मी लाउंड्स काउंटीत आले होते ती एका चित्रासाठी. हायवेला लागूनच नॅशनल पार्क सर्व्हिसचं एक छोटं संग्रहालय आहे. तिथे ते भेटलं: झेप घेणारं काळं जनावर, पंजे पुढे, जबडा उघडा. निवडणुकीचं चिन्ह. काउंटीतल्या एका लहानशा पक्षाचं, १९६६ सालचं.

या चित्राची मला लहानपणापासून भीती वाटायची. म्हणजे चित्राची नाही, नावाची. आमच्या गल्लीच्या टोकाला, रेल्वेलाइनच्या पलीकडे, एक काका राहायचे. शिवणकाम करायचे. बाबांच्या शाळेतल्या मुलांचे गणवेश तेच शिवत. बाबा त्यांच्या दुकानाच्या पायरीवर तासन्तास बोलत बसत, पण घरात त्यांचा विषय निघाला की आजीचा आवाज खाली जाई. ‘तो पँथर आहे,’ ती म्हणे. आम्हा मुलांना माप द्यायला तिकडे पाठवताना ती न चुकता बजावे, तिथे पाणी मागू नका. नामांतराच्या दिवसांत एका रात्री काकांना ठाण्यात नेलं होतं. परत आले ते डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी घेऊन. मशीनवर कापड सरकवताना ती बोटं दिसत. मी त्यांच्याकडे बघत राहायची आणि तहान लागली तरी पाणी मागायची नाही. हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

दलित पँथर मुंबईत १९७२ साली उभी राहिली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून, एवढं आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तो पक्ष १९६६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये काढला. पण ओकलंडवाल्यांनी ते जनावर आणलं कुठून? तर इथून. या काळ्या मातीच्या काउंटीतून, लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतमजुरांच्या मतपत्रिकेवरून. हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळलं, आणि कळल्यापासून मला लाउंड्स बघायचंच होतं.

१९६५ च्या सुरुवातीला लाउंड्समध्ये दर पाच माणसांत चार काळी होती. त्यांच्यातला एकही जण मतदार यादीत नव्हता. एकही नाही. उलट गोऱ्यांच्या यादीत वयात आलेल्या गोऱ्या माणसांपेक्षा जास्त नावं होती, कारण मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं कोणी काढली नव्हती. नाव नोंदवायची कचेरी महिन्यातून दोनच सोमवार उघडे. अर्ज भरायचा, राज्यघटनेवरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, ती बरोबर की चूक हे समोरचा कारकून त्याच्या मर्जीने ठरवणार. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, आधीच यादीत असलेल्या एका मतदाराने तुमच्यासाठी हमी भरायची. काळा मतदार एकही नाही, म्हणजे हमी गोऱ्यानेच भरायची. गोरा ती भरणार नाही. इतक्या साध्या गाठीने साठ-पासष्ट वर्षं हजारो माणसं बांधून ठेवता आली.

हे वाचताना मला आजी आठवली. १९५२ साली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, अक्षरओळख नसलेल्या माझ्या आजीने पहिल्यांदा मत दिलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेलं असे. आजीने बैलजोडीच्या पेटीत कागद टाकला. बाहेर आली आणि आजोबांनी विचारलं तरी तिने सांगितलं नाही, असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. आपल्या देशाने पहिल्याच निवडणुकीला वाचता येण्याची अट घातली नाही, चित्रं वापरली. त्याच वर्षी लाउंड्समध्ये काळा शाळामास्तर असला तरी मत देऊ शकत नव्हता. आजीला हे कोणी सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. आणि तोच हक्क बजावून आलेली आजी मला रेल्वेलाइनपलीकडे पाणी पिऊ देत नव्हती. या दोन गोष्टी मी एकमेकींपासून वेगळ्या करू शकत नाही.

मार्च १९६५. सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर ७ तारखेला मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर लाठ्या आणि अश्रुधूर चालला, त्याची चित्रं जगभर गेली. दोन आठवड्यांनी मोर्चा पुन्हा निघाला, या वेळी न्यायालयाच्या परवानगीने. लाउंड्समध्ये हायवे दोनपदरी होता, म्हणून त्या टप्प्यात फक्त ३०० जणांना चालायची मुभा होती. ते ३०० चालले, मॉन्टगोमेरीला पोचले, भाषणं झाली, टीव्हीवाले घरी गेले. त्याच रात्री, २५ मार्चला, डेट्रॉइटहून मदतीला आलेल्या व्हायोला लिउझो मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोचवत असताना याच रस्त्यावर, याच काउंटीत गोळ्या घालून मारल्या गेल्या. पाच मुलांची आई. टेकाडावर लोखंडी कुंपणात त्यांच्या नावाचा दगड आहे. मी गेले तेव्हा तिथे कागदी फुलं होती, पावसाने रंग उतरलेली.

आपण इतिहास वाचतो तो पुलावरचा. मला त्यानंतरचा, कॅमेरे गेल्यानंतरचा जास्त ओढ लावतो. स्टुडंट नॉनव्हायलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी, म्हणजे नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या तरुणांची संघटना, जिला सगळे ‘स्निक’ म्हणत, तिचा तेवीस वर्षांचा स्टोकली कारमायकेल मोर्चात चालत होता, पण रस्त्याच्या कडेला बघायला आलेल्या गावकऱ्यांची नावं-पत्ते टिपून घेत. मोर्चा संपल्यावर तो आणि त्याचे दोन-चार सोबती लाउंड्सला परत आले आणि ती नावं घेऊन घरोघर फिरू लागले. इथे पाय रोवलेली माणसं आधीच होती. जॉन ह्यूलेट नावाचा इथलाच एक जण बर्मिंगहॅममधली नोकरी करून गावी परतला होता, आणि मोर्चाच्याही आधी, १ मार्चला, तीस-चाळीस जणांना घेऊन नोंदणी कचेरीवर गेला होता. त्या महिन्यात ज्या पहिल्या दोन काळ्या माणसांची नावं यादीत लागली, त्यांतला तो एक. दुसरा एक अंध धर्मोपदेशक.

६ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. वाचनाची परीक्षा गेली, हमीची अट गेली, केंद्राचे नोंदणी अधिकारी थेट काउंटीत येऊन बसले. साधारणपणे गोष्ट इथे संपवतात. लाउंड्समध्ये ती इथे सुरू झाली. कारण नाव यादीत आलं, पण मत द्यायचं कोणाला?

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण अमेरिकेत येऊन दहा वर्षं झाली तरी मलाही हे नीट कळलेलं नव्हतं. आपण इकडच्या राजकारणाकडे बघतो ते व्हाइट हाउसकडे तोंड करून. पण इथल्या माणसाचं रोजचं आयुष्य ठरतं ते काउंटीत, म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधल्या कुठल्याशा घटकात. आणि काउंटीतली खुर्ची साहेब म्हणून बदलीवर आलेल्या माणसाची नसते, ती निवडून आलेल्याची असते. शाळा मंडळ निवडून येतं. जमिनीवरची करआकारणी करणारा निवडून येतो. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर निवडून येतो. शेरीफ निवडून येतो. शेरीफ म्हणजे तिथला ठाणेदारच समजा. मी हे फोनवर बाबांना सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘ठाणेदाराला मतं मागायला दारात यावं लागतं?’ हो बाबा, म्हटलं, यावं लागतं. ‘मग ज्याला मत नाही त्याच्या दारात तो कशाला येत असेल, ते सांगायला नको,’ ते म्हणाले.

माझ्या मते अमेरिकेतल्या चळवळींचं मर्म बाबांच्या या वाक्यात आहे. त्या वरच्या माणसाला हलवतात हे खरं, पण टिकतात त्या तेव्हाच, जेव्हा त्या काउंटीतल्या त्या कंटाळवाण्या, कोणाला नाव माहीत नसलेल्या खुर्च्यांपर्यंत पोचतात. पूल ओलांडायला धैर्य लागतं. करआकारणी अधिकारी नेमकं काय करतो हे शंभर माणसांना समजावून सांगायला वेगळंच काहीतरी लागतं.

लाउंड्सच्या माणसांपुढे दोन वाटा होत्या. डेमोक्रॅटिक पक्षात शिरायचं, कारण दक्षिणेत तेव्हा सत्ता त्याचीच. पण अलाबामातल्या त्या पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि कोंबड्याच्या डोक्यावर घोषवाक्य छापलेलं असे: गोऱ्यांची सत्ता, न्यायासाठी. मतपत्रिकेवर, सरकारी कागदावर. शिवाय काळे मतदार वाढताहेत हे दिसल्याबरोबर काउंटीतल्या पक्षाने उमेदवारीचं शुल्क ५० डॉलरवरून ५०० वर नेलं. दिवसभर कापूस वेचून दोन-चार डॉलर मिळवणाऱ्या माणसांच्या गावात.

दुसरी वाट स्निकच्या जॅक मिनिस यांनी शोधली. अलाबामाच्या कायद्यांची पुस्तकं चाळता चाळता त्यांना एक जुनं कलम सापडलं: एका काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढता येतो. प्राथमिक निवडणुकीच्याच दिवशी, म्हणजे बाकीचे पक्ष आपले उमेदवार ठरवतात त्याच दिवशी, मतदारांची सभा घेऊन उमेदवार ठरवायचे. आणि पक्षाला चिन्ह हवं, कारण न वाचणाऱ्यांसाठी मतपत्रिकेवर चिन्ह असणं अलाबामात सक्तीचं होतं. कोंबडा त्याचसाठी होता.

असा लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन हा पक्ष जन्माला आला, आणि कोंबड्यासमोर उभं करायला जनावर शोधायची वेळ आली. अटलांटातल्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंची खूण पँथर होती. स्निकच्या रूथ हॉवर्ड यांनी तिथून ते उचललं. ह्यूलेट सांगत की पँथर डिवचला गेला की आधी मागे सरतो, आणखी मागे सरतो, आणि मागे सरायला जागा उरली नाही की मग झेप घेतो. प्राणिशास्त्रात ते कितपत बसतं याच्याशी मला कर्तव्य नाही. त्या काउंटीचं वर्णन म्हणून ते तंतोतंत आहे.

संग्रहालयातल्या काचेमागे मला सगळ्यात जास्त वेळ थांबवलं ते मात्र पँथरने नाही. चित्रांच्या पातळ पुस्तिकांनी. स्निकच्या कोर्टलंड कॉक्स आणि जेनिफर लॉसन यांच्या या पुस्तिका. साध्या रेघोट्यांची चित्रं, चित्राखाली एखाद-दोन ओळी. शेरीफचं काम काय. त्याला काय करण्याचा अधिकार आहे आणि काय करण्याचा नाही. शाळेवरचा पैसा कोण ठरवतो. कॉरोनरने खरं लिहिलं नाही तर काय होतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या माणसांना शेरीफ म्हणजे कमरेला पिस्तूल लावून दारात उभं राहिलेलं संकट एवढंच माहीत होतं, त्यांना कोणीतरी चित्र काढून सांगत होतं की हा तुमचा नोकर आहे, आणि ही नोकरी तुमच्यापैकी कोणीही करू शकतं. चर्चमध्ये संध्याकाळी दिव्याखाली ती पानं उलटली जात. लोक एकमेकांना शिकवत. आपल्याकडे प्रौढशिक्षणाच्या रात्रशाळा ज्यांनी पाहिल्यात त्यांना ते दृश्य डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत: पाटीवर वळणारी जाड बोटं, आणि स्वतःचं नाव लिहून झाल्यावर चेहऱ्यावर पसरलेला तो संकोच.

किंमत लगेच मोजावी लागली. काउंटीतली जवळजवळ सगळी जमीन मोजक्या गोऱ्या कुटुंबांची. ज्या कुळांनी नाव नोंदवलं त्यांना शेतमालकांनी १९६५ सरताना घराबाहेर काढलं. घर मालकाचं, पीक मालकाचं, कर्ज मात्र कुळाचं. जायचं कुठे? हायवे ८० च्या कडेला काळ्यांच्याच मालकीच्या जमिनीवर तंबू ठोकले गेले. टेंट सिटी म्हणत त्याला. संग्रहालय आज तिथेच आहे. काही कुटुंबं दोन वर्षांहून जास्त काळ त्या तंबूंत राहिली. रात्री रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांमधून तंबूंवर गोळ्या झाडल्या जात.

त्या तंबूंच्या फोटोसमोर माझ्याशेजारी एक आजी उभ्या होत्या, नातीचा हात धरून. मी काही विचारलं नव्हतं. त्या आपण होऊन म्हणाल्या, ‘थंडी फार असायची.’ एवढंच. मग नातीला घेऊन पुढच्या फोटोकडे गेल्या. अलाबामात डिसेंबरात पाणी गोठतं. मला वाटतं, एक मत म्हणजे नेमकं किती, याचं माप मला पहिल्यांदा त्या वाक्यात मिळालं.

३ मे १९६६ ला काउंटीचं मुख्यालय असलेल्या हेनव्हिलच्या कोर्टापासून जवळ असलेल्या चर्चच्या आवारात सुमारे ९०० माणसं जमली आणि त्यांनी सात उमेदवार निवडले. शेरीफसाठी, करआकारणीसाठी, करवसुलीसाठी, कॉरोनरसाठी आणि शाळा मंडळासाठी तिघं. करआकारणीसाठी उभ्या राहिलेल्या अॅलिस मूर यांचा जाहीरनामा एका वाक्याचा होता: श्रीमंतांवर कर लावायचा आणि गरिबांना जेवू घालायचं. नऊ महिन्यांपूर्वी याच हेनव्हिलमध्ये चळवळीच्या मदतीला आलेल्या जॉनथन डॅनियल्स या सव्वीस वर्षांच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका गोऱ्याने भरदिवसा बंदुकीने मारलं होतं आणि गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने त्या मारेकऱ्याला निर्दोष सोडलं होतं. त्या गावात ९०० जण उजेडात जमले.

ज्यूरीबद्दलही सांगते, कारण हा धागा फार कमी लोकांच्या लक्षात येतो. लाउंड्सच्या ज्यूरीत काळ्यांना घेत नसत, आणि अलाबामाच्या कायद्याने बायकांना तर कुठल्याच ज्यूरीत बसता येत नव्हतं. डॅनियल्सच्या आणि लिउझोंच्या खुनानंतर लाउंड्सच्या लोकांनीच खटला भरला. गार्डेनिया व्हाइट या लाउंड्सच्या रहिवासी बाईचं नाव त्यात पहिलं. १९६६ च्या फेब्रुवारीत केंद्रीय न्यायालयाने दोन्ही बंधनं घटनाबाह्य ठरवली. काळ्या शेतमजुरांच्या काउंटीतून निघालेल्या त्या खटल्याने अलाबामातल्या प्रत्येक बाईला, गोऱ्या बाईलाही, ज्यूरीत बसायचा हक्क मिळवून दिला. त्यांच्यातल्या कितीजणींना हे ठाऊक असेल?

नोव्हेंबरात मतदान झालं. सातही उमेदवार हरले. मालकांनी आपल्या मजुरांना गाड्यांतून केंद्रावर आणलं आणि कुठे मत द्यायचं ते सांगितलं. फोर्ट डिपॉझिट या गावात पँथरच्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली. तरी कोंबड्याविरुद्ध पँथरला दहातली चार मतं पडली होती. वीस महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे एकही मत नव्हतं.

आता माझ्याबद्दल. मतदान हक्क कायद्यावर सही झाल्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, ३ ऑक्टोबर १९६५ ला, जॉन्सन यांनी न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी बसून आणखी एका कायद्यावर सही केली. स्थलांतराचा कायदा. त्याआधी भारतातून वर्षाला १०० माणसांना इथे स्थायिक व्हायला येता येई. शंभर, अख्ख्या देशातून. माणसाचा वंश बघून दार उघडायचं की नाही हे ठरवणारी ती पद्धत त्या कायद्याने मोडली. नागरी हक्कांच्या चळवळीने घरातल्या वर्णभेदाची लाज चव्हाट्यावर आणली नसती तर दारातला वर्णभेद तेव्हा गेला नसता, असं मला ठामपणे वाटतं. इथली मराठी मंडळं, गणपती, दिवाळी अंक, सॉफ्टवेअरवाले आणि डॉक्टर, आणि १९९९ साली दोन सुटकेसा घेऊन अटलांटाच्या विमानतळावर उतरलेली मी, आम्ही सगळे त्या दारातून आत आलो. आम्ही आपल्या हुशारीवर आलो असं आम्ही मुलांना सांगतो. तंबूंबद्दल सांगत नाही. मीही वर्षानुवर्षं सांगितलं नव्हतं.

नागरिक झाल्यावर मी काही वर्षं नुसतं मत दिलं. २०२२ साली पहिल्यांदा मतदान केंद्रावर कामाला बसले. बाबांनी आयुष्यभर इलेक्शन ड्यूटी केली. पेट्या घेऊन एसटीने खेड्यात जायचं, शाळेच्या जमिनीवर झोपायचं, पहाटे पाचला उठून खोली लावायची. इथे पेट्या नाहीत, यंत्रं आहेत आणि त्यांतून निघणारा कागद, पण पहाटे पाच तेच आहे. सकाळी सात ते संध्याकाळी सात. सातच्या ठोक्याला जो रांगेत उभा आहे त्याला मत देऊ द्यायचंच. बाहेर पडताना प्रत्येकाला पीच फळाचं स्टिकर. एका आजोबांनी दोन मागितली, एक बायकोच्या फोटोला लावायला.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, आमच्या राज्याने नवा निवडणूक कायदा केला होता. त्यात एक कलम आहे: केंद्रापासून १५० फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला कोणी पाण्याची बाटली दिली तर तो गुन्हा. पाण्यावरून कायदा होतो तेव्हा माझ्या पोटात कालवतं; मी कुठल्या गल्लीतून आले ते मला माहीत आहे. दुसरं कलम असं की एकच माणूस हव्या तितक्या मतदारांच्या नावांवर हरकत घेऊ शकतो. आमच्या ग्विनेट काउंटीत २०२२ मध्ये हजारो नावांवर हरकती आल्या. निवडणूक मंडळाच्या बैठकीला मी गेले तेव्हा वीस-पंचवीस माणसं होती, निम्मी पेन्शनीतली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, हातात याद्या. एक बाई प्रत्येक नाव वाचून पत्ता पडताळत होत्या. चार तास. कोणी फोटो काढला नाही. मला तिथे लाउंड्सच्या चर्चमधल्या त्या पुस्तिका आठवत होत्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलाबामातल्याच शेल्बी काउंटीच्या खटल्यात मतदान हक्क कायद्याचा कणा काढून घेतला. पूर्वी जॉर्जियासारख्या राज्याला असा कायदा करण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. आता लागत नाही. म्हणून त्या बाई चार तास पत्ते पडताळतात.

हरकत घेणारेही गावातलेच, स्वयंसेवकच, हे मी लपवणार नाही. खालून उठलेलं सगळंच भलं नसतं. १९५४ साली मिसिसिपीच्या इंडियनोला गावात गोऱ्या दुकानदारांनी, बँकवाल्यांनी, वकिलांनी एकत्र येऊन पहिली सिटिझन्स कौन्सिल काढली. तीही घराघरांतून, शेजाऱ्यापाजाऱ्यांतून पसरली. शाळेत काळ्या मुलांना घ्या असं म्हणणाऱ्याचं कर्ज मागून घ्यायचं, नोकरी तोडायची, उधारी बंद करायची, हे तिचं काम. माणसं तिथेही संध्याकाळी जमत, खुर्च्या मांडत, याद्या करत. फरक कशात, असं मला मुलाने विचारलं तेव्हा मी त्याला एवढंच म्हटलं: यादी कशासाठी केली आहे ते बघ. नाव घालायला की नाव काढायला.

आणि लाउंड्स आज कसं आहे? गरीब. त्या काळ्या मातीत पाणी मुरत नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं. शौचालयाची टाकी बसवावी तर ती तुंबते, विशेष प्रकारची बसवायला हजारो डॉलर लागतात, म्हणून कित्येक घरांतून पाइप सरळ मागच्या अंगणात सोडलेला. इथेच वाढलेल्या कॅथरिन कोलमन फ्लॉवर्स यांनी वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला. २०२३ मध्ये केंद्राच्या न्याय विभागाने त्यावरून अलाबामाच्या आरोग्य खात्याशी करार केला. २०२५ च्या एप्रिलमध्ये नव्या केंद्र सरकारने तो करार मोडीत काढला. मत मिळून साठ वर्षं झाली, सांडपाण्याचा पाइप तसाच आहे. मी परत गाडीकडे चालत गेले तेव्हा त्या मातीचा वास येत होता, आणि फक्त मातीचा नव्हता.

त्या रात्री मॉन्टगोमेरीच्या मोटेलमधून मी पँथरच्या चित्राचा फोटो बाबांना पाठवला आणि लिहिलं, काकांना दाखवा. बाबा आता ब्याऐंशीचे, काका त्यांच्याहून थोडे लहान. दुकान मुलगा बघतो. तरी दुपारी दोघं अजून त्याच पायरीवर बसतात. मी खाली सगळं लिहिलं: हे चित्र आधी मतपत्रिकेवर होतं, न वाचणाऱ्यांसाठी, तुमच्या पँथरच्या सहा वर्षं आधी.

अकोल्यात सकाळ झाली होती. तासाभराने बाबांच्या फोनवरून काकांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, मागे शिलाई मशीन चालू. ‘बेटा, फोटो पाहिला. एक सांग. निवडून आला का तो?’

मी लिहिलं: त्या वर्षी नाही काका. सगळे हरले. पण त्यांच्या पक्षाचा म्होरक्या जॉन ह्यूलेट, जो तेव्हा उमेदवार नव्हता, चार वर्षांनी, १९७० मध्ये, दुसऱ्या पक्षाच्या नावावर उभा राहिला आणि निवडून आला. शेरीफ झाला. वीस वर्षांहून जास्त राहिला.

बराच वेळ काहीच आलं नाही. मग पुन्हा आवाज, या वेळी मशीन बंद.

‘शेरीफ म्हणजे ठाणेदार ना?’